कार्डावरची सही आणि साताऱ्यातला दरबार

मंडळी, आज एक प्रश्न विचारून सुरुवात करतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या कॉलेजांमधून एक लाट उठली आणि पुढच्या पन्नासेक वर्षांत सुमारे वीस हजार तरुण-तरुणी मिशनरी होऊन जगभर गेले. ही लाट ज्याच्या डोक्यातून निघाली तो मुलगा जन्मला कुठे? बोस्टन म्हणाल, लंडन म्हणाल. गडी आपल्या कोल्हापूरचा! रॉबर्ट वाइल्डर, जन्म १८६३.

मला हे कळलं ते सांगली-मिरजेबद्दल भलतंच काही वाचताना, आणि मग दोन-तीन वीकएंड त्यातच गेले. मी काही इतिहासाचा अभ्यासक नाही, कोड लिहून पोट भरणारा माणूस. पण विषय आपल्या वयाचा आहे. वीस-बावीस वर्षांच्या पोरापुढे कुणीतरी उभं राहतं आणि विचारतं, "बाबा रे, ह्या आयुष्याचं करणार काय?" होस्टेलवर राहिलेल्या प्रत्येकाला हा अनुभव असतो. गीतेचे वर्ग, श्वासाची शिबिरं, कुठलं तरी अभ्यासमंडळ, कुठला तरी सत्संग. सेकंड इयरला असताना तर दर रविवारी कुणी ना कुणी दार वाजवतंच. हा प्रश्न घेऊन ख्रिस्ती मंडळी आपल्या मुलुखातल्या विद्यार्थ्यांकडे आली तेव्हा नेमकं काय झालं, ते सांगायचंय.

तर रॉबर्ट. त्याचे वडील रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. तापट, भांडकुदळ म्हणावा इतका स्वतंत्र माणूस. ज्या संस्थेने पाठवलं तिच्याशी पटेना, तर बरीच वर्षं स्वतःच्या जोरावर काम रेटलं आणि १८७० मध्ये ते प्रेस्बिटेरियन मिशनच्या हवाली केलं. पुढे सांगली, मिरज इथे जे काही उभं राहिलं ते ह्याच कोल्हापूर मिशनच्या फांद्यांवर. रॉबर्ट लहानपणी कोल्हापुरात वाढला, मग कुटुंब अमेरिकेला परतलं आणि तो प्रिन्स्टनला शिकायला गेला. तिथे रविवारी त्यांच्या घरी कॉलेजची पोरं जमायची. बैठकीच्या खोलीत पोरं चर्चा करायची आणि शेजारच्या खोलीत रॉबर्टची बहीण ग्रेस प्रार्थना करत असायची, असं सांगतात. ह्या ग्रेसबाईंचा वाटा इतिहासात नेहमीच एका ओळीत उरकला जातो. (मीही दोनच ओळी देतोय, कबूल.) १८८७ मध्ये वडील वारले आणि ती आईला घेऊन पुन्हा कोल्हापूर मिशनकडे निघून आली.

१८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन इथे अडीचशे कॉलेज विद्यार्थ्यांचं महिनाभराचं शिबिर झालं. बोलावणारे होते मूडी, त्या काळचे अमेरिकेतले सगळ्यात नावाजलेले धर्मोपदेशक. शिबिर खरं तर बायबलच्या अभ्यासाचं, पण रॉबर्ट मनात वेगळंच घेऊन गेला होता. "देवाची इच्छा असेल तर मी परदेशात मिशनरी म्हणून जायला तयार आहे," अशा अर्थाचा एक मजकूर आणि खाली सही. शिबिर सुरू झालं तेव्हा असा विचार असलेले वीस-पंचवीस असतील, संपलं तेव्हा शंभर झाले होते. त्या शंभरात कॉर्नेलचा एक जॉन मॉट नावाचा पोरगा होता. पुढे १९४६ चं शांततेचं नोबेल मिळालेला मॉट तो हाच.

पुढच्या वर्षभरात रॉबर्ट आणि त्याचा मित्र जॉन फॉर्मन ह्यांनी दीडशेच्या वर कॉलेजं आणि सेमिनरी पालथ्या घातल्या आणि दोन हजारांच्या वर सह्या गोळा केल्या. १८८८ मध्ये संघटना रीतसर स्थापन झाली. घोषवाक्य असं, की ह्याच एका पिढीत साऱ्या जगापर्यंत सुवार्ता पोचवायची. म्हणजे डेडलाइनसकट! आमच्या क्षेत्रातल्या माणसाला ह्यात ओळखीचं बरंच दिसेल. छोटा, नेमका मजकूर, सही करायला एक मिनिट, आणि सही करणारा दुसऱ्या दोघांना आणणार. आकडा दर महिन्याला मोजता येतो, वर कळवता येतो. खोचकपणे म्हणत नाही, त्या पोरांनी सही केल्यावर खरोखर घरदार सोडलं. कॉलरा-प्लेगच्या गावात जाऊन राहिली, बायकापोरं तिथे पुरली. दोन वर्षांचा कंपनी बॉन्ड साइन करताना आमच्या अख्ख्या बॅचचे हात थरथरले होते, हे आठवून मी गप्प बसतो.

आता गंमत बघा. ह्याच दशकात पुण्यातही पदवीधर पोरं अशीच शपथ घेत होती. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. आजीव सभासदाने तुटपुंज्या पगारावर वीस वर्षं शिकवायचं. गोखले ह्याच वाटेने गेले, महिना पंचाहत्तर रुपये ही त्यांची प्राध्यापकी. लोकमान्य टिळक तर ह्या त्यागाला उघडपणे जेसुइटांचं तत्त्व म्हणत, आणि त्या तत्त्वावरून झालेल्या भांडणात १८९० मध्ये ते संस्थेतून बाहेर पडले. म्हणजे मिशनऱ्यांशी वाद घालणाऱ्या मंडळींनी मिशनऱ्यांचा साचा नीट निरखला होता. साचा घेतला, आतला मजकूर बदलला. १९०५ च्या सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीतही शपथ आहेच.

मग प्रश्न उरतो की माउंट हर्मनसारखं काही पुण्या-साताऱ्याकडे का झालं नाही? खुद्द रॉबर्ट १८९२ च्या शेवटी भारतात परतला. कोल्हापूर, मग कलकत्ता, मग पुणे. इंग्रजी शिकलेल्या कॉलेज विद्यार्थ्यांमध्ये राहायचं, व्याख्यानं द्यायची, चर्चा करायच्या हे त्याचं काम. पोरं येत, ऐकत, वाद घालत. पण बाप्तिस्मा? छे.

ह्याचं उत्तर पन्नास वर्षं आधी लिहून झालेलं होतं. १८३९ मध्ये मुंबईत जॉन विल्सनच्या शाळेतले दोन पारशी विद्यार्थी ख्रिस्ती झाले, त्यातला धनजीभाई नौरोजी अवघा सोळा वर्षांचा. प्रकरण कोर्टात गेलं आणि पारशी आईबापांनी पोरं शाळेतून काढून घेतली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्रीने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहत होता, कोर्टाने त्याला बापाच्या ताब्यात दिलं. आता ह्या पोराला जातीत परत घ्यायचं की नाही? बाळशास्त्री जांभेकर म्हणाले प्रायश्चित्त देऊन घ्या. ब्रह्मवृंदात जो गदारोळ उठला तो वाचण्यासारखा आहे. श्रीपतने बाप्तिस्मा घेतलाच नव्हता, त्यांच्याबरोबर राहून जेवला होता एवढंच.

आणि १८९० च्या ऑक्टोबरात पुण्यातलं पंचहौद मिशनचं चहा प्रकरण तर आपल्याला शाळेपासून माहीत असतं. रानडे, टिळक वगैरे मंडळी व्याख्यानाला गेली, पुढे चहा-बिस्किटं आली. कुणी प्याले, कुणी नुसता हात लावला. गोपाळराव जोशींनी नावं छापून टाकली आणि शंकराचार्यांपर्यंत खटला. रानडे न्यायमूर्ती असून त्यांनी शेवटी प्रायश्चित्त घेतलं, लोकमान्यांनी आपण काशीला घेतल्याचं दाखवलं. एका कपाचा हा भाव असेल, तर बाप्तिस्म्याचा किती असेल?

अमेरिकेतल्या पोराने कार्डावर सही केली की आई रडायची पण अभिमानाने शेजारणीला सांगायची. इथल्या पोराने तेच केलं की आई त्याचं श्राद्ध घालायची. दोन्हीकडे प्रश्न एकच विचारला जात होता, पण उत्तराची किंमत वेगळी होती. रॉबर्टला हे कळत नव्हतं असं नाही, तो कोल्हापुरात वाढलेला होता. पण त्याच्या यंत्रात ह्यासाठी बटणच नव्हतं. त्याची तब्येत खालावली आणि १९०० च्या आगेमागे तो भारतातून गेला. पुढचं त्याचं बरंचसं आयुष्य युरोप-अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांमध्ये गेलं.

मग सांगली-मिरजेकडे ह्या सगळ्यातून आलं काय? आले डॉक्टर. १८८९ मध्ये कॅनडाचा चोवीस वर्षांचा विल्यम वानलेस नुकती डॉक्टरकी संपवून कोल्हापूर मिशनच्या सांगलीच्या ठाण्यावर उतरला. १८९२ मध्ये तो मिरजेला गेला आणि १८९४ मध्ये तिथे हॉस्पिटल उघडलं. मोतीबिंदूच्या आणि पोटाच्या शस्त्रक्रियांसाठी लांबलांबून माणसं मिरजेला यायला लागली. मिरज ही डॉक्टरांची पेठ झाली त्याचं मूळ हे. १८९७ मध्ये त्याने वैद्यकीय शाळा काढली. मिशनच्या दवाखान्यांना इथलेच डॉक्टर हवे होते, ते घडवायला. १९२८ मध्ये सर ही पदवी घेऊन निवृत्त झाला. सांगली-मिरज रस्त्यावरून गेलात तर वानलेसवाडी लागते, तिथे त्याचं क्षयरोग्यांसाठीचं सॅनिटोरियम होतं. १९६२ मध्ये मिरजेला सरकारी मेडिकल कॉलेज निघालं तेव्हा वॉर्डांची शिकवणी वानलेस हॉस्पिटलातच होती.

मला वाटतं, मिरजेत जे विद्यार्थी घडले त्यांच्यापुढे आयुष्याचं काय करायचं हा प्रश्न कुणी व्याख्यानात मांडायची गरजच नव्हती. सकाळी प्रार्थना, आणि नंतर रांगेतला पहिला पेशंट. बहुतेक पोरं आधीच ख्रिस्ती घरातली किंवा मिशनच्या शाळांतली, त्यामुळे घर सुटण्याचा प्रश्न त्यांच्या आजा-पणजाने कधीच सोडवून टाकलेला. म्हणजे मिरजेने भिंत पाडली नाही. भिंतीच्या अलीकडे उत्तम काम उभं केलं, आणि पलीकडची माणसं पोटात दुखलं की खुशाल अलीकडे येऊ लागली. चहा पिऊन बाटणारा माणूस भूल घेऊन टेबलावर झोपायला तयार असतो, हा आपला समाज!

भिंतीलाच हात घालणारा माणूस साताऱ्यात बसला. नारायण वामन टिळक. (लोकमान्यांचा आणि त्यांचा जिल्हा एक, आडनाव एक, आणि घोळ कायमचा. आमच्या ऑफिसात मी हे नाव काढलं तर निम्म्यांना वाटलं मी बाळ गंगाधर चुकीचं सांगतोय.) जन्म १८६१, कवी, संस्कृत पक्कं, डोकं सदा तापलेलं. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला नोकरीसाठी जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार भेट दिला आणि म्हणाला, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते हास्यास्पद वाटलं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. किंमत त्यांनी रोख मोजली. बायको लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नातेवाइकांकडे, कित्येक वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे त्या परत आल्या, १९०० मध्ये स्वतः ख्रिस्ती झाल्या आणि मग 'स्मृतिचित्रे' लिहून मराठीवर उपकार करून ठेवले. ते पुस्तक नसेल वाचलं तर हा लेख इथेच सोडा आणि ते घ्या. खरंच सांगतो.

टिळक वीसेक वर्षं अमेरिकन मिशनबरोबर अहमदनगरला राहिले. शिकवलं, पद्यं रचली, ख्रिस्ती कीर्तनं केली, 'ज्ञानोदय' सांभाळला. त्यांच्या घरात कायम कुणाची तरी पोरं राहायला. पण जसजसं वय वाढलं तसं त्यांना एक टोचायला लागलं. इथला माणूस ख्रिस्ती झाला की नावाने, कपड्याने, पगाराने मिशनचा होतो आणि आपल्या माणसांना परका होतो. टिळक स्वतः म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. मग पूल ओलांडल्यावर तो मोडून टाकायचा कशासाठी?

१९१७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यास जाहीर केला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. दरबारची कल्पना ऐकायला साधी होती. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्यांचं एक कुटुंब, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही सारखेच.

'न घेतलेले' ह्या शब्दात काय भरलंय बघा. पंचहौदचा चहा, शेषाद्रींचा श्रीपत, रॉबर्टसमोर बसून पटतंय पण घरी काय सांगू म्हणणारा फर्ग्युसनचा पोरगा, सगळे त्यात बसतात. टिळकांचं म्हणणं असं की त्याला आधी आत येऊ दे, बस, गा, सेवा कर. वहीत नाव लिहिण्याची घाई कुणाला आहे? सही मागणाऱ्या चळवळीच्या हे बरोब्बर उलट होतं. सहीवाल्यांचा आकडा होता, दरबाराला आकडाच नव्हता, कारण कोण आत आणि कोण बाहेर हे ठरवण्याची रेघच पुसलेली.

अर्थात रेघ पुसली की दोन्हीकडचे वैतागतात. अनेक चर्चवाल्यांच्या दृष्टीने बाप्तिस्मा हा काही फॉर्म नव्हे, तो गाभाच आहे. तो ऐच्छिक केला तर उरलं काय? ह्या आक्षेपात दम आहे, असं मला अजूनही वाटतं. ज्या दलित कुटुंबांनी गावाचा मार खाऊन बाप्तिस्मा घेतला होता त्यांनी तर विचारायलाच हवं होतं, की वरच्या जातीच्या पदवीधर पोराला तेवढी सूट का? आणि सनातन्यांना ही सरळ सरळ गोड बोलून बाटवण्याची नवी युक्ती वाटणार, ते ओघानेच आलं. टिळकांपाशी उत्तर म्हणजे स्वतःचं आयुष्य. त्यांनी स्वतः पुरी किंमत मोजली होती, त्यामुळे सूट मागताना ते स्वतःसाठी मागत नव्हते.

आणि घरची बाजू? नवऱ्याने पगार सोडून संन्यास घ्यायचा, आणि बायको संसारासकट त्याच्यामागून साताऱ्याला. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला नवऱ्याचे असे अचानक निर्णय आयुष्यभर आले. आध्यात्मिक प्रयोगाचा खर्च कुठल्या खात्यातून जातो, ते 'स्मृतिचित्रे'त पानोपानी दिसतं.

प्रयोगाला दोनच वर्षं मिळाली. ९ मे १९१९ ला टिळक मुंबईत वारले आणि साताऱ्याचा दरबार त्यांच्यामागे टिकला नाही. 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं होतं, ते पुढे लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.

१९१९ हे साल ह्या पट्ट्याच्या बाबतीत विलक्षण आहे. (सांगली जिल्हा १९६० पर्यंत दक्षिण साताराच होता, त्यामुळे एकच पट्टा म्हणतो.) मे महिन्यात टिळक गेले. जूनमध्ये वीस वर्षांच्या शपथेवाल्या त्याच डेक्कन एज्युकेशन सोसायटीने सांगलीत विलिंग्डन कॉलेज काढलं. ऑक्टोबरात कराडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली.

टिळकांच्या दरबाराचा धागा उचलला तो जॅक विन्स्लो ह्या इंग्रज मिशनऱ्याने. ईटन-ऑक्सफर्डचा माणूस, नगरला टिळकांच्या प्रभावात आला. १९२२ मध्ये त्याने ख्रिस्त सेवा संघ काढला. खादी, जमिनीवर बसून जेवण, मराठी भजनं, गोरे-देशी एका छताखाली. १९२३ मध्ये टिळकांचं इंग्रजी चरित्र लिहिलं. संघाचा आश्रम पुण्यात शिवाजीनगरला आला, कॉलेजांपासून चालत जाण्याच्या अंतरावर.

१९२७ मध्ये ह्या संघात ऑक्सफर्डहून आला व्हेरिअर एल्विन. तिकडे तो विद्यार्थ्यांच्या धार्मिक मंडळांत घडलेला, म्हणजे रॉबर्टच्या लाटेचाच नातू म्हणा. इथे येऊन तो गांधींच्या नादी लागला, आणि १९३२ मध्ये संघातल्याच शामराव हिवाळे ह्या मराठी ख्रिस्ती मित्राला घेऊन मध्य प्रांतात गोंडांमध्ये राहायला गेला. शाळा काढायची, दवाखाना काढायचा, पण धर्मांतर करायचं नाही असं त्याने ठरवलं. बिशपशी वाजलं आणि काही वर्षांत त्याने चर्चच सोडलं. तोवर अमेरिकेतली सह्यांची लाटही १९२० नंतर ओसरत गेली होती. पहिल्या महायुद्धानंतरची पोरं विचारायला लागली होती की जगाला शिकवायला निघालेलो आपण आहोत कोण.

साताऱ्यात मात्र १९२४ मध्ये भाऊरावांनी बोर्डिंग काढलं. हे जैन कुटुंबातले, मिशनशी काही संबंध नाही. महार, मांग, मराठा, मुसलमान, सगळ्या जातींची पोरं एका छताखाली. स्वयंपाक पोरांनीच करायचा आणि एका पंक्तीत बसून खायचा. फी नसेल तर कष्ट करायचे. कुणाकडे सही मागितली नाही, कुणाचा देव विचारला नाही. पंचहौदच्या त्या चहाला तेव्हा पुरती चौतीस वर्षं झाली होती. १९२७ मध्ये गांधीजी साताऱ्याला आले तेव्हा त्यांनी ह्या बोर्डिंगला शाहू महाराजांचं नाव दिलं. वीस वर्षांनी, १९४७ मध्ये, रयतचं छत्रपती शिवाजी कॉलेज साताऱ्यात निघालं, आणि त्यातली बरीच पोरं अशीच हाताने कष्ट करून शिकली.